डेंटल मेकॅनिक व्हायचंय? अभ्यासक्रम, नोंदणी, लॅब आणि तोंडाबाहेरची हद्द

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी लॅबच्या दारात येतं, रुमालाची गाठ सोडतं आणि कवळीचे दोन तुकडे माझ्यासमोर ठेवतं. मग ठरलेलं वाक्य येतं. "डॉक्टर परत चार चकरा मारायला लावतील. शेवटी करता तुम्हीच ना? मग तुम्हीच द्या करून."

खोटं नाही त्यात काही. करतो आम्हीच. पण कवळी करणं आणि ती तोंडात बसवणं यांच्यामधून कायद्याची रेघ जाते. या धंद्यात येणाऱ्या पोराला वॅक्स कसं कोरायचं, दात कसे लावायचे, फ्लास्क (कवळी शिजवायचा डबा) कसा भरायचा हे सगळं शिकवतात. ती रेघ कुठे आहे हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मग पाच-दहा वर्षं काम केल्यावर हात बसतो, गिऱ्हाईक ओळखीचं होतं आणि एक दिवस हा गडी खुर्ची, आरसा घेऊन स्वतःच मापं (तोंडाचे साचे) घ्यायला बसतो. तिथे घोळ सुरू होतो.

बारावीनंतर या लायनीत यायचा विचार करणाऱ्यांसाठी आणि लॅबमध्ये हातावर काम शिकून आता रीतसर व्हावं असं वाटणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आईवडिलांची कवळी करून घ्यायची असेल त्यांनी शेवटचा भाग वाचला तरी चालेल.

आधी कायदा, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे

आपल्याकडे दातांच्या धंद्याचा मूळ कायदा १९४८चा, डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट. त्याच्या दुसऱ्या कलमात व्याख्या आहेत. डेंटल मेकॅनिकची व्याख्या एका ओळीची आहे: कवळी आणि दातांची इतर उपकरणं बनवणारी किंवा दुरुस्त करणारी व्यक्ती. बस, इतकंच.

आता त्याच कलमात दंतवैद्यक म्हणजे काय ते वाचा. तिथे दातांवरच्या शस्त्रक्रिया आणि उपचार आहेत, एक्स-रे आहे, भूल देणं आहे, कवळी घडवणंही आहे. त्यानंतरचा एक उपखंड प्रत्येक लॅबवाल्याने पाठ करावा असा आहे. कवळी बसवणं, घालणं, घडवणं, दुरुस्त करणं किंवा नवी करणं यासाठी, त्याच्या पूर्वतयारीसाठी किंवा त्या संदर्भात माणसावर केलेली कोणतीही क्रिया, दिलेला उपचार, सल्ला किंवा सेवा हे सगळं दंतवैद्यक. म्हणजे माप घेणं दंतवैद्यक, बाइट, म्हणजे वरखालचे जबडे कसे मिळतात ते, घेणं दंतवैद्यक, ट्रायल बघणं दंतवैद्यक. "इथे टोचतंय का? थांबा, जरा घासतो" हेसुद्धा दंतवैद्यकच.

४९वं कलम नोंदणीचं आहे. नोंदणीकृत दंतवैद्याशिवाय कुणी दंतवैद्यक करायचं नाही. दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टचं आणि कवळ्या बनवणाऱ्या मेकॅनिकचं कामही आपापल्या नोंदणीशिवाय करायचं नाही, करतो असं सुचवायचंही नाही. पाटी लावणं हेही सुचवणंच. सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यातल्या कामाला सूट आहे. अडीनडीला, जवळ दंतवैद्य नसताना, भूल न देता कुणी दात काढला तर त्यालाही सूट आहे. कवळी बसवण्याच्या बाबतीत अशी अडीनडीची सूट नाही, आणि ते बरोबरच आहे. कवळीवाचून कुणाचा जीव अडत नाही.

दंड वाचून मात्र हसू येतं. पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९४८ साली ५०० रुपये म्हणजे रक्कम होती. आज एका कवळीचं बिल त्याहून जास्त होतं. पण म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. तोंडातलं काही बिघडलं आणि पेशंट पोलिसांत किंवा ग्राहक आयोगात गेला, की प्रश्न ५०० रुपयांचा राहत नाही. आपल्याला ते करायचा अधिकारच नव्हता, हे पहिल्या पानावरच सिद्ध होतं.

जुन्या पेठांमध्ये डिग्री नसलेल्या दंतवैद्यांच्या पाट्या दिसायच्या, मुंबई-पुण्यात चिनी कुटुंबांच्याही होत्या. ते सगळे बोगस नव्हते. कायदा आला तेव्हा दंतवैद्यांच्या नोंदवहीचे दोन भाग केले: 'अ' भागात पदवीवाले, 'ब' भागात पदवी नसलेले पण त्याच धंद्यावर पोट असलेले. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनाही नंतर त्यात जागा मिळाली. ती पिढी आता जवळपास संपली. "अमक्यांचे वडील डिग्रीशिवाय करायचे, मग मी का नाही?" हा प्रश्न मला अजून विचारतात. उत्तर एवढंच: त्यांचं नाव वहीत होतं.

आणखी एक. २०२३ साली संसदेने या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. म्हणून अर्ज करायच्या वेळी कुणाच्या जुन्या फॉर्मवर किंवा या लेखावरही विसंबू नका. राज्य दंत परिषदेकडून त्या दिवशी लागू असलेले नियम आणि फी घ्या.

पहिली पायरी: अभ्यासक्रम, आणि पैसे भरण्याआधीचं एक पत्र

डेंटल मेकॅनिकचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि तो डेंटल कॉलेजला जोडलेला असतो. बारावी विज्ञान ही साधारण अट. शिकवतात ते असं: दातांची रचना, साहित्यशास्त्र, थोडं धातुशास्त्र, थोडं भौतिक-रसायन आणि बाकी सगळं बाकावरचं काम.

अडचण ही की शहरात "डेंटल टेक्नॉलॉजी", "डेंटल सिरॅमिक", "कॅड-कॅम डिप्लोमा" अशा नावांच्या खासगी संस्था भरपूर आहेत. काही ठिकाणी काम खरंच चांगलं शिकवतात. पण काम येणं आणि नोंदणी मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का असला तरी तो अभ्यासक्रम परिषदेच्या मान्यतेत नसेल, तर नोंदणीच्या खिडकीवर त्याची किंमत शून्य. माझ्याकडे एक मुलगा आला होता. दोन वर्षं आणि घरच्यांचे लाखाच्या वर पैसे घालून तो असं प्रमाणपत्र घेऊन बसला होता. हात उत्तम होता त्याचा, दाढेच्या खाचा इतक्या सुंदर कोरायचा की मी फोटो काढून ठेवलेत. नोंदणी काही मिळाली नाही.

तेव्हा प्रवेशाची फी भरण्याआधी दोन कामं करा. कॉलेजकडे मान्यतेच्या पत्राची प्रत मागा आणि त्यावरचं वर्ष बघा, कारण मान्यता कायमची नसते. मग राज्य दंत परिषदेला साधा ईमेल करा: अमुक कॉलेजचा अमुक अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर डेंटल मेकॅनिक म्हणून नोंदणी मिळेल का? उत्तर लेखी घ्या. जी संस्था "त्याची गरज नाही हो, सगळ्यांना मिळते" म्हणेल, तिथून चहा पिऊन परत या.

दुसरी पायरी: नोंदणी

दंत परिषद राज्याची असते. महाराष्ट्रात महाराष्ट्र राज्य दंत परिषद, गोव्यात गोव्याची वेगळी. दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांच्या नोंदवह्या वेगवेगळ्या ठेवतात. तुमचं नाव मेकॅनिकच्या वहीत लागणार, हे डोक्यात पक्कं ठेवा. नोंदणी क्रमांक मिळाला म्हणून नावामागे "डॉ." लागत नाही. लावणारे आहेत, व्हिजिटिंग कार्डावर छापणारेही आहेत. तुम्ही छापू नका.

कागद नेहमीचेच: मार्कशीट आणि अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, ओळखपत्र, फोटो, फी. सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावाच्या स्पेलिंगवर. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं, कॉलेजच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव मधून गायब. मुलींचं लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच तयार ठेवा. हे कॉलेजात असतानाच निस्तरलं तर निम्मी धावपळ वाचते.

नोंदणी झाली की संपलं, असं नाही. नूतनीकरणाची फी ठरलेल्या मुदतीत भरली नाही तर नाव वहीतून काढलं जातं. पुन्हा लावता येतं, पण मधल्या काळात तुम्ही नोंदणी नसलेले. आणि नेमकं त्याच काळातलं काम वादात सापडतं, हा माझा नव्हे, सगळ्या व्यवसायांचा अनुभव. मोबाइलमध्ये तारीख लावून ठेवा. राज्य बदललं तर नोंदणी बदलून घ्यायची सोय कायद्यात आहे. कोल्हापूरचा मुलगा बेळगावात लॅब काढतो तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं, पण सहसा ठेवत नाही.

हातावर शिकलेल्यांचं काय?

खरं बोलायचं तर आपल्या कितीतरी लॅबा हातावर शिकलेल्या कारागिरांवर चालतात. पंधराव्या वर्षी प्लास्टर ओतायला आलेला पोरगा तिशीत सगळं एकहाती करतो. त्याच्या कामात खोट नसते. कायद्याच्या नजरेत मात्र तो नाही. कवळी बनवणं हे काम नोंदणीचं आहे आणि नुसत्या अनुभवावर वहीत नाव लागायचे दिवस गेले.

अशांना माझा सल्ला सरळ आहे. नोंदणीकृत मेकॅनिकच्या किंवा दंतवैद्याच्या लॅबमध्ये, त्याच्या देखरेखीखाली मदतनीस म्हणून काम करा. स्वतःच्या नावाची पाटी लावू नका, बिलबुक छापू नका. बारावी राहिली असेल तर बाहेरून बसा. हे ऐकायला कडू लागतं, ठाऊक आहे. वयाच्या पस्तिशीत अठरा वर्षांच्या मुलांबरोबर वर्गात बसायचं, आणि शिकवणाऱ्यापेक्षा आपला हात चांगला चालतोय हे दिसत असताना गप्प राहायचं. ज्यांनी केलं ते आज मोकळेपणाने धंदा करतात.

तिसरी पायरी: लॅब उभी करणं

जागा, वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या वाटेत प्लास्टर अडवणारा सापळा. हा शेवटचा विसरलात तर सहा महिन्यांत खालच्या मजल्यावरचे शेजारी भांडायला येतात.

कागदपत्रांत दुकाने व आस्थापना कायदा येतो. महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्याप्रमाणे, २०२५च्या दुरुस्तीनंतर, २०पेक्षा कमी कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते, २० किंवा जास्त असतील तर नोंदणी. उद्यम नोंदणी करून घ्या, कर्जाला उपयोगी पडते. जीएसटीचं सीएला विचारा.

साहित्याचं जरा तपशिलात सांगतो. वैद्यकीय उपकरणांचे २०१७चे नियम आता सगळ्याच उपकरणांना लागू झाले आहेत. अ आणि ब वर्गाला १ ऑक्टोबर २०२२पासून परवाना सक्तीचा झाला, क आणि ड वर्गाला १ ऑक्टोबर २०२३पासून. आपल्या बाकावर येणाऱ्या, कवळीचं प्लास्टिक बनवायच्या पावडर-लिक्विडच्या पाकिटावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत बघायची सवय लावा आणि बिलावरच माल घ्या. सुटं मोनोमर (म्हणजे ते लिक्विड) बाटलीतून बाटलीत ओतून मिळतं ते घेऊ नका. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

त्याच नियमांत खास एका पेशंटसाठी बनवलेल्या उपकरणाची व्याख्या आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या लेखी चिठ्ठीप्रमाणे, त्याच्या जबाबदारीवर, एकाच पेशंटच्या वापरासाठी बनवलेलं. "लेखी चिठ्ठी" हे शब्द अधोरेखित करा. आपला सगळा बचाव त्या चिठ्ठीत आहे.

माझ्या लॅबमध्ये चिठ्ठीशिवाय आलेलं माप मी टेबलावर घेत नाही, बाजूच्या ट्रेमध्ये ठेवतो आणि फोन करतो. चिठ्ठीवर एवढं हवंच: डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही, पेशंटचं नाव किंवा क्रमांक, काय बनवायचं, कशात बनवायचं, दातांचा शेड (रंगछटा) आणि साइज, परत कधी हवं, आणि माप निर्जंतुक केलंय की नाही. शेवटचा रकाना मी स्वतः वाढवला. लाळ-रक्त लागलेलं माप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, दुचाकीच्या डिकीतून अर्ध्या गावाची सफर करून येतं. ते आधी वाहत्या पाण्याखाली धुवा. मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी करा आणि बंद पिशवीत १० मिनिटं ठेवा, त्यानंतरच स्टोन (साच्याचं कडक प्लास्टर) ओता. अल्जिनेट या लगद्यात घेतलेलं माप द्रावणात बुडवून विसरलात तर ते पाणी पिऊन फुगतं आणि सगळी कवळी सैल बसते. दोष मग डॉक्टर तुमच्यावर टाकणार.

स्वतःच्या छातीची काळजी घ्या. प्युमिसची (पॉलिशच्या भुकटीची) धूळ आणि सँडब्लास्टिंगची वाळू यांत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते आणि बाहेर येत नाही. निकेल-क्रोमच्या कास्टिंगचा धातू घेताना बेरिलियममुक्त लिहिलेलाच घ्या. धूळ ओढणारा पंखा आणि चांगला मास्क हे आधी, सिरॅमिकची भट्टी नंतर. मोनोमर उघड्या हातांनी मळणारे जुने कारागीर मी पाहिलेत, त्यांच्या बोटांची टोकं बारा महिने सोललेली असायची.

चौथी पायरी: हद्द सांभाळणं

एका पूर्ण कवळीचा प्रवास बघा. पहिलं माप तोंडातून येतं, त्यावर आम्ही ट्रे बनवतो. त्या ट्रेने दुसरं, बारकाईचं माप घेतात, त्यावर आम्ही मेणाचे रिम बनवतो. रिम तोंडात जातात, वरखालच्या जबड्यांचं अंतर आणि बाइट ठरते. मग आम्ही आर्टिक्युलेटरवर (जबड्यांसारख्या उघडमिट करणाऱ्या साधनावर) दात लावतो. ट्रायल तोंडात होते. त्यानंतर मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिक भरून शिजवायचं, घासून चकचकीत करायचं आणि पाचव्या फेरीला कवळी पेशंटला मिळते. पाच वेळा तोंड, चार वेळा बाक. कायद्याची रेघ या फेऱ्यांच्या बरोबर मधून जाते. म्हणूनच पेशंटला "चार चकरा" वाटतात त्या खरं तर दोन हातांमधली देवघेव असते.

बाकावरच्या चार फेऱ्यांत आम्ही राजे. तिथे कुणाला घाई करू देऊ नका. पावडर आणि लिक्विड आकारमानाने ३ ला १, कणीक बोटाला चिकटेनाशी झाली की भरायची. शिजवताना ७४ अंशांवर दीड-दोन तास, मग १०० अंशांवर एक तास. किंवा सरळ ७४ अंशांवर रात्रभर. उद्या सकाळी हवंय म्हणून फ्लास्क एकदम उकळत्या पाण्यात सोडला तर मोनोमर आतल्या आत उकळतं आणि जाड भागात बारीक बुडबुडे राहतात. वरून पॉलिश छान दिसतं. सहा महिन्यांनी तिथेच तडा जातो. फ्लास्क बाहेर काढल्यावरही टेबलावर निवू द्या, नळाखाली धरू नका, कवळी वाकते.

तोंडाच्या पाच फेऱ्यांत मात्र आपण पाहुणे. रोज येणारे प्रसंग असे असतात.

डॉक्टर पेशंटला "शेड बघायला" लॅबमध्ये पाठवतात. सर्रास चालतं. मी चिठ्ठी असेल तरच बघतो. पेशंटला खिडकीच्या उजेडात बसवून ओठ त्यालाच वर करायला सांगतो, शेड गाइड शेजारी धरतो. गाल ओढणं नाही, आत बोट नाही. शक्य असेल तर मीच शेड गाइड घेऊन दवाखान्यात जातो, तिथे डॉक्टर समोर असतात.

डॉक्टर म्हणतात, "अमुक म्हातारबाबा अंथरुणावर आहेत, तूच घरी जाऊन माप घे ना." नाही म्हणा. संबंध बिघडतील अशी भीती वाटते, मलाही वाटली होती. मी म्हटलं, तुम्ही चला, मी सामान घेऊन बरोबर येतो. आले ते.

आणि रुमालातली कवळी. तुटलेली कवळी जोडणं हे तर मेकॅनिकच्या व्याख्येतच आहे, मग थेट का जोडू नये? कारण वरची कवळी मधोमध तुटते ती सहसा हातातून पडून नाही. वर्षानुवर्षं हिरडीखालचं हाड झिजत जातं, टाळूचा मधला भाग मात्र तसाच कडक राहतो, आणि कवळी त्या कण्यावर सी-सॉसारखी डुलायला लागते. प्रत्येक घासाला थोडी वाकते आणि एक दिवस मोडते. ती मी तासाभरात जोडून देऊ शकतो. डुलणं तसंच राहतं, दोन महिन्यांत पुन्हा मोडते. तिला रीलाइन (आतून नवा थर) हवी की नवी कवळीच हवी, हे हिरडी बघणारा ठरवणार. म्हणून मी तुकडे पाण्याच्या डबीत घालून परत देतो आणि डॉक्टरकडून चिठ्ठी आणायला सांगतो. घरून झटपट गोंदाने चिकटवून आणलेली कवळी तर आणखी वाईट. तुकडे केसभर सरकून चिकटलेले असतात आणि ते सोडवताना कडा जातात.

"नुसतं टोचतंय, जरा घासून द्या" हा सगळ्यात साधा वाटणारा आणि सगळ्यात धोक्याचा प्रसंग. टोचणारी जागा बहुधा कवळीच्या लांब काठाचीच असते. पण गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी येऊनही आपल्या गावांत तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात तोंडात असतेच. दोन आठवड्यांत न भरणारी जखम कर्करोगाची असू शकते आणि ती दुखतेच असंही नाही. मी काठ घासला, टोचणं कमी झालं, पेशंट खूश होऊन गेला आणि सहा महिने कुणी तोंडात बघितलं नाही, तर त्या सहा महिन्यांचा हिशोब कुणाच्या नावावर? मला जखम ओळखायला शिकवलेलंच नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात साचा वाचायला शिकवतात, माणसाचं तोंड वाचायला नाही.

"पण परदेशात तर चालतं!"

चालतं, खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात १९५७ साली आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात १९५८ साली कवळीवाल्यांना थेट पेशंटसाठी काम करायची कायद्याने वाट मिळाली. अमेरिकेत तर लोकांनी मतपेटीतून हे घडवलं. ऑरेगॉनमध्ये १९७८ साली, आयडाहोत १९८२, मोंटानात १९८४ आणि वॉशिंग्टन राज्यात १९९४ साली जनतेच्या मतदानाने डेंच्युरिस्ट (थेट पेशंटची कवळी करणारा) हा परवानाधारक व्यवसाय ठरला. दंतवैद्यांच्या संघटनांचा विरोध होता, तरी स्वस्त कवळीचा मुद्दा लोकांना पटला. बाकीच्या बहुतेक अमेरिकी राज्यांत मात्र आपल्यासारखंच आहे, दंतवैद्याच्या चिठ्ठीशिवाय लॅबने काम करायचं नाही. ब्रिटनमध्ये क्लिनिकल डेंटल टेक्निशियन हा वेगळा वर्ग २००७पासून नोंदवतात. तोंडात एकही दात नसेल तर तो स्वतः कवळी करू शकतो, थोडे दात शिल्लक असतील तर आधी दंतवैद्याने तपासायचं.

यातून आपल्याकडची पोरं अर्धीच गोष्ट उचलतात. तिथला डेंच्युरिस्ट म्हणजे लॅबमधला कारागीर नव्हे. तोंडाचे आजार, तपासणी, संसर्ग, कवळी कधी करायची नाही हे शिकून, परीक्षा देऊन त्याला वेगळा परवाना मिळतो. टोरंटोच्या जॉर्ज ब्राउन कॉलेजात तो तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पुण्याहून मेकॅनिकचा डिप्लोमा घेऊन कॅनडाला गेलात तर लॅबमध्ये नोकरी मिळू शकेल. डेंच्युरिस्टची पाटी लावायची तर तिथलं शिक्षण आणि तिथली परीक्षा. उलट बाजूने, मुलाकडे सिएटलला गेलेल्या आजोबांची कवळी तिथे मोडली तर वॉशिंग्टनमध्ये डेंच्युरिस्टकडे जाता येतं, हे माहीत असलेलं बरं. आपल्याकडेही असा वर्ग यावा का? मला वाटतं यावा, खेड्यांत गरज आहे. पण आधी शिक्षण, मग परवाना. आज जे करतात ते दोन्हीवाचून करतात.

कवळी करून घेणाऱ्यांसाठी

माप घेणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. दवाखान्याच्या भिंतीवर प्रमाणपत्र असतं, त्यावर राज्य परिषदेचं नाव आणि नूतनीकरणाची मुदत बघा. शंका आली तर परिषदेकडे त्या क्रमांकाची चौकशी करता येते. कुठल्या लॅबमध्ये बनतेय हे विचारण्यातही काही गैर नाही, चांगला डॉक्टर अभिमानाने सांगतो. "एका दिवसात फिक्स दात, दवाखान्यापेक्षा निम्म्या दरात" असं सांगणारा माणूस बाजाराच्या दिवशी टेबल मांडून बसला असेल तर त्याच्याकडे दातांच्या मध्ये ओतून घट्ट होणारं अ‍ॅक्रिलिक असतं. ते शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवतो, काढता येत नाही, खाली घाण साठते आणि वर्षभरात ते चांगले दातही हलायला लागतात.

फसगत झालीच तर दोन दारं आहेत. विनानोंदणी काम करणाऱ्याविरुद्ध राज्य दंत परिषदेकडे लेखी तक्रार करा. या कायद्याखालचा खटला परिषदेच्या किंवा राज्य सरकारच्या आदेशाने केलेल्या तक्रारीवरच न्यायालय दाखल करून घेतं, म्हणून थेट कोर्टात धावून उपयोग नाही. पैशांची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि कवळीचं बिल त्यापलीकडे जाणार नाही. बिल, चिठ्ठी, फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. आणि ती बिघडलेली कवळी रागाच्या भरात फेकून देऊ नका. पाण्याच्या डबीत ठेवा, वर तारीख लिहा. आयोगासमोर ती पुरावा असते, आणि नवी कवळी करणाऱ्याला आधीचं कुठे चुकलं ते तिच्यावरूनच कळतं.